मोटारीचे अंधुक झालेले दिवे

गेल्या गळीत हंगामांत रात्रीं कारखान्याच्या रस्त्यानें परत येत असतां उसाची बैलगाडी आमच्या मोटारीपुढें दहा-बारा हातांवर आली तेव्हां कोठें दिसली. बैल वांचले, आम्हीही वांचलों. गाडीस मागें तांबडी पट्टी नव्हती हें खरें. परंतु सकाळीं आमचेच दिवे पाहिले, तों त्यांवर मोतीबिंदु पडल्यासारखा पिंवळट पडदा!

पूर्वीं दिव्यांचीं आवरणें कांचेचीं असत. अमेरिकेंत १९८४ च्या सुमारास पॉलिकार्बोनेट नांवाच्या प्लॅस्टिकाचा त्यांत शिरकाव झाला. हें प्लॅस्टिक हलकें व चिवट खरें, पण सूर्याच्या अतिनील किरणांनीं कुजतें. म्हणून त्यावर पारदर्शक कठीण लेप दिलेला असतो. तो झिजला कीं पिंवळेपणा आलाच. तेथील मोटारधारकांच्या ‘एएए’ या संघानें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या तपासणींत अशा जुन्या दिव्यांतून नव्याच्या सुमारें पंचमांशच उजेड मिळाला.

उपाय घरीं होण्याजोगा आहे. दिवा साबणानें धुवून भोंवतालच्या रंगास चिकटपट्टी लावावी. मग वॉटर पेपर पाण्यांत भिजवून घांसावें. प्रथम ८०० नंबरचा, नंतर १५०० व शेवटीं ३००० चा. पाणी सतत सोडावें. प्रथम पिंवळें पाणी वाहतें. तें पांढरें येऊं लागलें म्हणजे जुना लेप निघाला. या वेळीं दिवा पूर्वीपेक्षांही धुरकट दिसतो, त्यास भिऊं नये. पुढें मऊ फडक्यानें पॉलिश चोळतांच तो निवळतो.

येथेंच बहुतेक लोक थांबतात व फसतात. आम्हीही एकदां एका कारागिराकडून दिवे चकचकीत करून घेतले होते. नवा लेप न दिल्यामुळें कांहीं महिन्यांतच ते पुन्हां पिंवळे! अतिनील किरण अडविणारा लेप त्याच दिवशीं, धूळ व तेलकटपणा पुसून, सांवलींत द्यावा व पुरता वाळूं द्यावा. दांत घांसण्याच्या पेस्टची युक्ति सांगणारे पुष्कळ भेटतात. तिची चमक चार दिवसांची.

धुरकटपणा आंतून असेल, किंवा आंत पाणी शिरलें असेल, तर बाहेरून कितीही घांसणें व्यर्थ. आमच्या उजव्या दिव्याचें तसेंच निघालें. तो बदलावा लागला. डावा मात्र दोन तासांच्या मेहनतीनें उजळला.