पहिल्या बर्फाची साखर

डिसेंबरात सोनईच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या मुळा कारखान्याच्या दिशेने लागलेल्या असतात आणि गहू पेरलेला शेतकरी थंडीची वाट पाहत असतो. थंडी पडली तर फुटवे चांगले येतात. त्याच आठवड्यांत काश्मीरमधल्या गुलमर्गला स्कीइंगचा हंगाम उघडतो. भूमध्य समुद्राकडून ओल घेऊन येणारा पश्चिमी झंझावात हिमालयावर बर्फ टाकतो, आणि तो पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली दख्खनपर्यंत पोचतात. आपल्या गव्हाचं आणि तिथल्या घसरपट्टीचं नशीब असं एका वाऱ्यावर टांगलेलं.

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, आपल्याच नगर जिल्ह्यात आहे. उंची १,६४६ मीटर. गुलमर्गचं नुसतं मैदानच त्याहून हजार मीटर वर, सुमारे २,६५० मीटरवर. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये तिथे स्की क्लब काढला. १९४८ मध्ये लष्कराने स्की शाळा सुरू केली, तीच पुढे अतिउंचीवरील युद्धाचं प्रशिक्षण देणारी संस्था झाली. सामान्य माणसासाठी केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था १९६८ पासून आहे. गोंडोला या रोपवेचा पहिला टप्पा १९९८ मध्ये कोंगडोरीपर्यंत गेला, दुसरा २००५ मध्ये अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ चार हजार मीटरवर.

सहलीच्या जाहिरातीत नाताळचं गुलमर्ग पांढरंशुभ्र असतं. प्रत्यक्षात सुरुवातीच्या दिवसांत खालच्या उतारावर गवताचे शेंडे बर्फातून डोकावत असतात. मुरलेला स्कीबहाद्दर अशा वेळी जुनी, ओरखडलेली जोडी काढतो, कारण पातळ थराखालचा दगड नव्या स्कीचा तळ खरवडून काढतो. शिकाऊ माणूस मैदानाच्या कडेला, स्कीची दोन्ही टोकं जवळ आणि टाचा लांब ठेवून, वेग कसा कमी करायचा तेवढंच घोटत बसतो. त्याला हे पुरतं. वर जायची घाई झालेल्यांचं मात्र अवघड होतं, आणि माझ्या मते या खेळातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट इथेच आहे: थोडा बर्फ म्हणजे थोडा धोका, हा हिशेब उलटा आहे.

जमिनीची ऊब बर्फाखाली टिकून असते. तळाचं तापमान शून्याच्या आसपास राहतं. निरभ्र रात्री वरचा पृष्ठभाग उणे बारापर्यंत उतरला आणि थर तीस सेंटिमीटरचाच असला, तर तापमानाचा उतार मीटरमागे चाळीस अंशांचा झाला. हाच थर दोन मीटर जाड असता तर तो सहाच अंश भरला असता. मीटरमागे साधारण दहा अंश ओलांडले की तळातली वाफ वर सरकू लागते आणि कणाकणावर नव्याने गोठते. बर्फाच्या मूळच्या चांदण्या मोडून त्यांचे टोकदार, कोरडे, एकमेकांना न धरणारे दाणे बनतात. मूठ आवळली तरी गोळा होत नाही. पोत्यातली साखर ओतावी तसा बर्फ बोटांतून सांडतो. जानेवारीत या दाण्यांवर दोन-तीन फूट नवा बर्फ साचला की सगळं ओझं त्या ढिसूळ पायावर. स्कीवरच्या एका माणसाचं वजन मग अख्खा उतार सोडवायला पुरतं. तीव्र उतारावर वरून काहीच दिसत नाही, ही त्यातली खरी मेख.

म्हणून डिसेंबरातला कोरडा, निळ्याशार आभाळाचा पंधरवडा पर्यटकाला सुखाचा आणि हिमस्खलनाचा अंदाज बांधणाऱ्याला डोकेदुखीचा. हे काम देशात आधी मनालीतून सुरू झालेली ‘सासे’ ही संरक्षण संशोधन संस्था करत असे. २०२० पासून तिच्या जागी आलेली ‘डीजीआरई’ करते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गजवळ एक रशियन गेला.

त्या २०२४ च्या जानेवारीत तर गुलमर्ग जवळजवळ उघडंबोडकं होतं. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्यांच्या लेखी टिकणारा बर्फ तोच, नंतरचा पटकन वितळतो. ते चाळीसच दिवस कोरडे जाऊ लागले तर स्लेजवाले, स्की भाड्याने देणारे, हॉटेलवाले यांनी काय करायचं? २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान याच परिसरातला, वडिलांचं स्कीचं दुकान असलेल्या घरातला. महाराष्ट्राला या स्पर्धांत पदकं मिळतात, पण त्यांत मोठा वाटा आइस-स्केटिंगचा. ते साहजिकच आहे: चाकांवर शिकलेलं पाऊल बर्फावर वळवता येतं, स्कीला मात्र डोंगरच लागतो.

नगर-पुण्याकडच्या मुलामुलींना खरोखर शिकायचं असेल तर नाताळच्या सहलीत घातलेला स्कीइंगचा तासभर विसरावा. गुलमर्गची किंवा मनालीतली सरकारी संस्था निवासी अभ्यासक्रम घेते. त्यातला जानेवारीअखेरचा किंवा फेब्रुवारीचा गट धरावा. तोवर पाया सहसा भरलेला असतो. आणि गोंडोलाचा वरचा टप्पा बंद असेल तर खिडकीवरच्या माणसाशी हुज्जत घालू नये.