परमुलखातला आठवडी बाजार

परमुलखात संसार मांडणाऱ्याला भाजी कुठेही मिळते. सुपरमार्केटात ती धुतलेली, तोललेली असते, वर नाव आणि किंमत चिकटवलेली असते. कुणाशी एक शब्दही न बोलता ती घरी आणता येते. तरीही शनिवार-रविवारच्या उघड्या बाजाराकडे स्थलांतरितांची पावलं वळतात. ताजा माल हे त्याचं एक कारण, पण तेवढंच नाही. अनोळखी भाजी कशी करायची हे सांगणारं माणूस तिथे भेटतं आणि उद्या आपणही इथे पाटी घेऊन बसू शकू, अशी आशा वाटते. परक्या जागी रुजायला ही आशा अधिक उपयोगी पडते. ते पाहायला सातासमुद्रापार जाण्याआधी विठ्ठलवाडीला उतरावं.

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालं की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. त्याला लागून असलेलं उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीवर वसलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या ‘कल्याण कॅम्प’च्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून शहराला नाव मिळालं. पत्त्यांत एक ते पाच ‘कॅम्प नंबर’ मात्र आजही टिकून आहेत. या लोकांना देश आपला होता, पण भाषा, हवा, भाजीपाला सगळं परकं होतं. ते नुसते गिऱ्हाईक राहिले नाहीत. कुणी पापड लाटून विकले, कुणी फेरी धरली, कुणी पथारी मांडली. आज कापड आणि फर्निचर घ्यायला आसपासच्या गावांतली माणसं उल्हासनगरला जातात. सिंधी घरात ‘भीं’ म्हणतात ती कमळकाकडी तिथल्या भाजीबाजारात सहज दिसते.

हाच रेल्वेमार्ग पुढे अंबरनाथ-बदलापूरला गेला, की बाजाराचा दुसरा गुण दिसतो. पावसाच्या तोंडावर ठाकूर-कातकरी बाया शेवळं घेऊन बसतात. शेवळं नीट केली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून त्यांच्या जुडीबरोबर काकडं घ्यायची असतात. नवख्या गिऱ्हाइकाला हे विकणारी बाईच सांगते. आता इमारतींत राहायला आलेल्या अनेकांना रानभाजीची पहिली शिकवणी अशीच मिळते.

आता न्यूयॉर्क. तिथे १९७६ साली ‘ग्रीनमार्केट’ नावाचे उघडे बाजार सुरू झाले. नियम साधा आहे : ज्याने पिकवलं, त्यानेच विकायचं. मधला दलाल नाही. घासाघीसही फारशी नाही, भाव पाटीवर लिहिलेला असतो. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्स या भारतीय दुकानांनी गजबजलेल्या वस्तीत असा बाजार दर रविवारी भरतो. कढीपत्ता, नारळ, शेवग्याच्या शेंगा तिथल्या थंड हवेत शेतात पिकत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी ७४व्या रस्त्यावरच्या किराणा दुकानातच जावं लागतं.

पण न्यूयॉर्कच्या या बाजारांत मेक्सिकन शेतकऱ्यांच्या टेबलावर ‘वेर्दोलागास’ नावाची मांसल पानांची जुडी असते. मराठी डोळ्यांना ती लगेच ओळखू येते, कारण ती आपली घोळ. मेक्सिकन स्वयंपाकात ती डुकराच्या मांसाबरोबर शिजते, आपल्याकडे डाळ किंवा ताक घालून होते. शेजारी माठासारखा दिसणारा पालाही असतो. त्याचं आपल्याशी नातं जुनं आहे : उपासाचा राजगिरा मूळचा अमेरिका खंडातलाच. विकणारा स्पॅनिश बोलतो, घेणारी मराठी, आणि दोघांची जोड मोडक्या इंग्रजीत जमते.

हे शेतकरी त्या टेबलामागे आपोआप आलेले नाहीत. मायदेशी शेती केलेले अनेक स्थलांतरित शहरात भांडी घासण्याची, साफसफाईची कामं करत होते. २००० साली ग्रीनमार्केटने त्यांच्यासाठी प्रकल्प सुरू केला. त्यातून प्रशिक्षण, भाड्याने जमीन, छोटं कर्ज आणि बाजारात जागा मिळायला मदत झाली. घोळीला गिऱ्हाईक आहे हे त्यांना ठाऊक होतं, कारण तेच आधी तिचे गिऱ्हाईक होते.

उल्हासनगर आणि क्वीन्स यांच्यातलं साम्य इथे आहे. दोन्हीकडे बाहेरून आलेला माणूस विकायला बसला तेव्हा त्याच्याबरोबर त्याची भाजीही बाजारात आली आणि जुन्या रहिवाशांच्या ताटात गेली. परदेशातले मराठी लोक अशा बाजारात बहुतेक वेळा घेणारेच असतात. म्हणून त्यांची भाजी दुसऱ्याच्या नावाने मिळते.

हा प्रश्न परदेशापुरताही नाही. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण, विक्रीचं प्रमाणपत्र आणि शहर फेरीवाला समिती यांची तरतूद केली. सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला उठवू नये, असंही त्यात म्हटलं आहे. स्टेशनाबाहेर परगावचं कुणी भाजीची पाटी मांडून बसलं, की आपल्याला रस्ता अडल्याचा राग येतो, आणि तो नेहमीच खोटा नसतो. पण त्याला उठवायचं की रस्ता मोकळा ठेवून बसायला जागा आखून द्यायची, हे ठरवताना उल्हासनगर कसं उभं राहिलं ते लक्षात ठेवायला हवं.