‘बिन’ आणि पणजीचं माहेर

माझा मामेभाऊ शारजात राहतो. गेल्या सुट्टीत त्याने घराण्याचा कुलवृत्तांत विमानाने नेला. तेवढ्या वजनाचे लाडू मागे राहिले म्हणून मामी अजून धुसफुसते. त्याच्या कचेरीतला अमिराती सहकारी त्यातलं वंशाचं झाड बघून हसला. त्याला असलं पुस्तक लागत नाही. नाव सांगताना अमुक बिन तमुक बिन अमुक अशा सात पिढ्या तो तोंडपाठ म्हणतो. ‘बिन’ म्हणजे मुलगा. रीत तीच: बापाखाली मुलगा, लेकी सासरी गेल्या की रेघ संपली.

ही रेघ शरीरातही असते. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतीत 1743 साली जन्मलेला थॉमस जेफरसन पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीची मुलं त्याचीच, अशी कुजबुज दोनशे वर्षं चालली होती. 1998 साली युजीन फॉस्टर यांच्या गटाने ती तपासली. जेफरसनच्या विवाहातला मुलगा जगला नव्हता, म्हणून त्याच्या चुलत्याच्या पुरुषवंशजांचं रक्त घेतलं. ते सॅलीचा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळलं. पण हेच गुणसूत्र जेफरसनच्या भावाकडेही असणार! निकाल लागला तो कागदांच्या जोरावर: सॅलीच्या प्रत्येक बाळंतपणाच्या नऊ महिने आधी जेफरसन घरी होता.

आपल्याकडची गोष्ट याहून चटकदार आहे. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे वंशज ते बेने इस्राएल. पेणकर, किहीमकर अशी आडनावं लावून कोकणात तेल गाळणारे हे ‘शनिवार तेली’. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय, दोन्ही वारसे सापडले. मिश्रण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचं. ज्यू वाटा पुरुषांकडून जास्त आला, स्थानिक वाटा बायकांकडून. त्या सात बायकांचं मग काय झालं, हे दंतकथेलाच विचारायला हवं.

आईचा धागा मायटोकाँड्रियात असतो. तो मुलगा-मुलगी दोघांना मिळतो, पण पुढे जातो फक्त लेकींकडून. कागदावर त्याला जागा नाही. दहा पिढ्या मागे 1,024 पूर्वजांची घरं भरतात. आडनाव त्यातल्या एकाच्याच रेघेवर चालतं.

अमिरातीत ही मोजणी वंशाच्या अभिमानापुरती उरलेली नाही. तिथे नात्यात लग्नं खूप होतात. नवरा-नवरीचे पणजोबा एकच असले, तर त्यांचं एकच सदोष जनुक दोन्ही बाजूंनी बाळाकडे येऊ शकतं. म्हणून जानेवारी 2025 पासून अमिराती नागरिकांना लग्नाआधी जनुकचाचणी सक्तीची झाली. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडेही आहेच.

परवा भावाने मामीला फोन लावला. “आई, तुझ्या आजीचं माहेर कुठलं गं?”

“रोह्याकडचं कुठलंसं,” मामी म्हणाली. “आडनाव आठवत नाही. लाडू पाठवू का?”