जुनी मोटार वेगाच्या मार्गावर नेताना

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता पन्नासेक किलोमीटरचा. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी अशी गावे घेत तो जातो. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांच्या मागून वाट काढावी लागते, वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. या रस्त्यावर आमच्या एका स्नेह्यांची मोटार चौदा वर्षे धावते आहे. मापकावर १,८०,००० किलोमीटरचा आकडा दिसतो. ‘हिने मला कधी वाटेत सोडले नाही,’ असे ते अभिमानाने सांगतात. यंदा त्यांच्या मनात आले, की ही गाडी एकदा खऱ्या शर्यतीच्या मार्गावर पळवून पाहावी.

असे मार्ग आपल्या देशात थोडेच आहेत. कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील सुमारे ३.७ किलोमीटरचा मार्ग, आणि २०११ मध्ये जेथे फॉर्म्युला वन शर्यत झाली तो ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, ही त्यांतली ठळक नावे. काही दिवशी सामान्य मालकांनाही शुल्क भरून आपली गाडी अशा मार्गावर चालवता येते. याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. ही शर्यत नसते, कोणाला हरवायचे नसते. तरीही जी गाडी गावच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे निमूट चालते, ती तेथे वीस मिनिटांत हात टेकू शकते. असे का व्हावे? याचे उत्तर शालेय भौतिकशास्त्रातच आहे.

स्नेह्यांनी यादी केली होती: रुंद टायर, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, इंजिनाची ताकद वाढवणारे काही भाग. आम्ही म्हणालो, ‘आधी गाडी थांबते कशी ते पाहू.’

ब्रेक म्हणजे उष्णता

धावत्या गाडीत गतिज ऊर्जा असते. ती वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. १,००० किलोग्रॅमची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून ३० वर आणली, तर सुमारे १ लाख ४ हजार ज्यूल ऊर्जा ब्रेकना शोषून घ्यावी लागते. हीच गाडी ताशी १२० वरून ६० वर आणली, तर हा आकडा सुमारे ४ लाख १७ हजार होतो. वेग दुप्पट, पण ऊर्जा चौपट. वर्गाचा हा महिमा विद्यार्थ्यांना गणिताने पटतो, पण मनात ठसत नाही. ब्रेकचे उदाहरण तो ठसवते.

ही ऊर्जा जाते कोठे? ब्रेक पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून तिची उष्णता होते. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे तिचा सुमारे ७० टक्के वाटा पुढच्या चाकांकडे येतो असे धरू. पुढच्या दोन डिस्कचे वजन मिळून १० किलोग्रॅम असेल आणि बिडाचा विशिष्ट उष्मा सुमारे ४६० ज्यूल प्रतिकिलोग्रॅम प्रतिअंश घेतला, तर एका जोराच्या ब्रेकमध्ये डिस्कचे तापमान ६० अंशांहून अधिक वाढते. इंदापूरच्या रस्त्यावर पुढचा ब्रेक लागेपर्यंत वारा ही उष्णता काढून नेतो. मार्गावर मात्र काही सेकंदांतच पुढचे वळण येते. डिस्क पुरती निवण्याआधी तिच्यात नवी उष्णता ओतली जाते आणि तापमान पायरीपायरीने चढत राहते. शेवटी येणारी आणि जाणारी उष्णता समान होते, पण तोवर डिस्क काहीशे अंशांवर पोचलेली असते.

दिवे घाटातील कोडे

हे बोलणे चालू असता स्नेह्यांना एक जुनी गोष्ट आठवली. गेल्या मे महिन्यात ते सासवडहून पुण्याकडे दिवे घाट उतरत होते. गाडीत वृद्ध आई आणि मुलगी होती. निम्म्या घाटात ब्रेकचे पेडल एकाएकी मऊ झाले आणि जवळजवळ तळाला टेकले. हँडब्रेक आणि खालचा गिअर यांच्या मदतीने त्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत झाले. पुढे एका गॅरेजमध्ये दाखवले, तेव्हा काहीच दोष सापडला नाही आणि गोष्ट विस्मरणात गेली.

दोष सापडला नाही, कारण गाडी थंड झाल्यावर तो उरतच नाही. पेडलवरचा पायाचा दाब चाकापर्यंत नेतो तो एक द्रव. गॅरेजमध्ये त्याला ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते आपल्या ओळखीचे तेल नव्हे. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ या प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले, की ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. म्हणजे वर्षानुवर्षे न बदललेले ब्रेक ऑइल तापलेल्या डिस्कशेजारी उकळू शकते. उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय बुडबुडे दाबत राहतो आणि चाकापर्यंत दाब पोचतच नाही. द्रव निवला की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पेडल निर्दोष भासते.

हे वर्गात सहज दाखवता येईल. सुई नसलेल्या दोन प्लॅस्टिक सिरिंज पातळ नळीने जोडून त्यांत पाणी भरा. एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच सरकतो. हा पास्कलचा नियम. आता नळीत हवेचा मोठा बुडबुडा येऊ द्या आणि दुसऱ्या दट्ट्यावर विद्यार्थ्याला बोट रोवून धरायला सांगा. पहिला दट्ट्या बराच आत जातो, पण दुसऱ्या बोटाला जोर फारसा जाणवत नाही. दिवे घाटात नेमके हेच घडले असावे.

घाटाचा आणि मार्गाचा संबंध असा, की दोन्हीकडे ब्रेकना उसंत नसते. १,००० किलोग्रॅमची गाडी कोणत्याही घाटात २०० मीटर उंची उतरली, तर सुमारे २० लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कोठेतरी जावी लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी पाच वेळा पूर्ण थांबवावी, इतकी ही ऊर्जा आहे. खालच्या गिअरमध्ये उतरले, तर तिचा मोठा वाटा इंजिन घेते. नाहीतर सारा भार ब्रेकवर पडतो.

ब्रेक आणखी एका प्रकारे दगा देतात. पॅड फार तापला की त्याचे घर्षण कमी होते. अशा वेळी पेडल कडकच राहते, पण गाडी थांबत नाही. मऊ पेडल द्रवाचा दोष सांगते, कडक पेडल पॅडचा. म्हणून मार्गावर जाण्यापूर्वी ताजे डॉट ४ ब्रेक ऑइल (गाडीला ते चालते याची खात्री करून), एअर नीट काढलेली आणि जाड, चांगल्या प्रतीचे पॅड, ही पहिली तयारी.

टायर, तेल आणि पाणी

टायरच्या बाजूवर चार अंकांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. स्नेह्यांच्या टायरची नक्षी अजून खोल होती, पण शिक्का आठ वर्षांपूर्वीचा होता. रबर ऑक्सिजन आणि ओझोनमुळे कडक होते, त्यावर बारीक भेगा पडतात. नक्षी झीज सांगते, वय सांगत नाही.

टायरमधील दाबही लक्षात घेण्याजोगा आहे. हवा ३० अंशांवरून ८० अंशांवर गेली, तर ३२ पीएसआयचे किती होतील? येथे विद्यार्थी हमखास चुकतात. पंपावरचे मापक वातावरणाहून अधिकचा दाब दाखवते. म्हणून आधी १४.७ मिळवायचे, तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचे आणि शेवटी १४.७ वजा करायचे. उत्तर ४० च्या जवळ येते. यासाठी मार्गावर काही फेऱ्यांनंतर टायर गरम असतानाच दाब मोजून जादा हवा सोडतात, आणि परतीच्या प्रवासापूर्वी थंड टायरमध्ये ती पुन्हा भरतात. हे दुसरे काम विसरून चालत नाही.

आता इंजिन ऑइल. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटर वेगाने गेले, तर केंद्राभिमुख त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट होते. वळण लांब असेल तर चेंबरमधील तेलाचा पृष्ठभाग सुमारे ३५ अंशांनी कलतो. तेल आधीच कमी असेल तर पंपाचे तोंड उघडे पडते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडी पडतात. जुने इंजिन तेल ‘खाते’, म्हणून डिपस्टिकवरील वरच्या खुणेपर्यंत ताजे तेल हवे, त्या खुणेच्या वर मात्र नको.

रेडिएटरचे झाकण हे केवळ झाकण नाही. त्यामुळे दाब वातावरणाहून एक पटीने वाढला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. झाकणाचे रबर गेले किंवा जुना होजपाइप चिरला, की हा फायदा हातचा जातो.

शेवटी फिरणारे भाग. चाकाचा परीघ पावणेदोन मीटर धरला, तर १,८०,००० किलोमीटरमध्ये प्रत्येक चाक दहा कोटींहून अधिक वेळा फिरले आहे. बेअरिंगचा घरघराट, बॉल जॉइंटचा ढिलेपणा, चिरलेले बुश यांची तपासणी गाडी जॅकवर चढवून, चाक हाताने हलवून करावी. चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळावेत. गाडीतील सुटे सामान काढून ठेवावे.

प्रत्यक्ष मार्गावर थोड्या फेऱ्या घ्याव्यात आणि शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश मारावी, म्हणजे वारा डिस्क निववतो. थांबल्यावर लगेच हँडब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये उभी करून चाकाला उटी लावावी.

स्नेह्यांच्या यादीतून सायलेन्सर आणि ताकदीचे भाग गळाले. त्या पैशांत चार नवे टायर, पॅड आणि ब्रेक ऑइल आले. जुने ब्रेक ऑइल काढले तेव्हा ते काळ्या चहासारखे होते. कोइमतूरचा बेत अजून जमायचा आहे. पण आईला दवाखान्यात नेण्यासाठी हीच गाडी महिन्यातून एकदा दिवे घाट उतरते, आणि ही तयारी त्या प्रवासालाही तितकीच हवी होती.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एक गृहपाठ द्यावा: घरच्या किंवा शेजारच्या गाडीचे ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले आणि टायरवरचा शिक्का कोणत्या वर्षाचा, हे विचारून यावे. सामान्यतः दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे असे सांगतात. किती घरांत हे ठाऊक आहे, ते वर्गात फळ्यावर मांडून पाहावे.