रद्दीतलं सेंटर कोर्ट
(लेखमाला ‘जपलेला कागद’ : भाग ७)

गेल्या आठवड्यात सिनेमासाप्ताहिकं झाली. आज खेळांची नियतकालिकं, आणि त्यातही टेनिसची.

गारखेड्यात राहून टेनिसचे जुने अंक कुठे शोधायचे, असं अनेक वाचक विचारतात. पहिली गोष्ट ही, की निव्वळ टेनिसचं मासिक शोधत बसू नका. आपल्याकडे टेनिस नांदलं ते सर्व खेळांच्या साप्ताहिकांत, क्रिकेट आणि हॉकीच्या मधल्या पानांवर. मद्रासहून ‘द हिंदू’चा समूह ‘स्पोर्ट अँड पास्टाइम’ काढत असे. ते १९६८मध्ये थांबलं आणि दहा वर्षांनी, जुलै १९७८मध्ये, त्याच समूहाने ‘स्पोर्टस्टार’ सुरू केलं. कोलकात्याच्या ‘स्पोर्ट्सवर्ल्ड’चे संपादक मन्सूर अली खान पतौडी होते. मुंबईहून खालिद अन्सारींचं ‘स्पोर्ट्सवीक’ यायचं.

मराठीत ‘एकच षटकार’ निघालं. १९८३चा विश्वचषक जिंकल्याचा उत्साह त्यामागे होता. संपादक संदीप पाटील, कार्यकारी संपादक द्वारकानाथ संझगिरी. नावावरून ते क्रिकेटचं वाटतं आणि होतंही. तरी माझं मत असं, की मराठी माणसाने संग्रहाची सुरुवात याच अंकांपासून करावी. इंग्रजी साप्ताहिकं जपणारे देशभर विखुरले आहेत. मराठी अंक आपल्या माळ्यावरून निघून थेट लगद्यात गेले, तर ते दुसरं कोण जपणार?

शोधताना तारखेवर नजर ठेवावी. विंबल्डन त्या काळी जूनअखेर सुरू व्हायचं, पण छपाईला वेळ लागत असल्यामुळे अंतिम सामन्याची सविस्तर हकिकत जुलैच्या मधल्या किंवा शेवटच्या अंकात सापडते. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१, अशी सलग दोन वर्षं विंबल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले. पहिल्या वर्षी नील फ्रेझरने त्यांना हरवलं, दुसऱ्या वर्षी रॉड लेव्हरने, आणि दोघेही पुढे विजेते ठरले. त्या दोन वर्षांचे जुलैचे अंक कुठे दिसले तर घासाघीस करत उभं राहू नका. १९७४चे डेव्हिस चषकाचे अंकही असेच मोलाचे. भारत अंतिम फेरीत पोहोचला, समोर दक्षिण आफ्रिका होती, आणि वर्णभेदाच्या निषेधार्थ आपण खेळलोच नाही. त्या सामन्याचा धावता वृत्तांत कुठेच असू शकत नाही. म्हणून त्या आठवड्यांतले अग्रलेख आणि वाचकांची पत्रं वाचायची.

वाचकांच्या पत्रांवर जरा थांबतो, कारण संग्राहक मुखपृष्ठाच्या मोहात ती पानं उलटून टाकतात. ‘अमेरिकन लॉन टेनिस’ या मासिकाच्या जुलै १९५०च्या अंकात माजी विजेती अॅलिस मार्बल हिचं एक पत्र छापून आलं. अल्थिया गिब्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला राष्ट्रीय स्पर्धेचं दार बंद ठेवणाऱ्यांना तिने त्यात खडसावलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गिब्सन त्याच स्पर्धेसाठी फॉरेस्ट हिल्सच्या कोर्टवर उतरली आणि १९५७मध्ये विंबल्डन जिंकली. ‘वर्ल्ड टेनिस’ मासिकाच्या संस्थापक ग्लॅडिस हेल्डमन यांनी तर १९७०मध्ये नऊ महिला खेळाडूंशी प्रत्येकी एका डॉलरचा करार केला आणि महिलांची स्वतंत्र व्यावसायिक स्पर्धामालिका उभी राहिली. टेनिसचा इतिहास मासिकांनी नुसता नोंदवला असं नाही, काही वेळा तो घडवलाही.

निकालांची बारीक अक्षरातली पानं हीसुद्धा अशीच दुर्लक्षित. विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला लीला राव. साल १९३४, पहिली फेरी. तिची आई म्हणजे पुण्यात जन्मलेल्या संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव, आणि त्याही टेनिस खेळत. अशा खेळाडूंची छायाचित्रं मुखपृष्ठावर सहसा येत नाहीत. त्यांचा माग निकालांच्या रकान्यांतच लागतो, आणि त्यासाठी एखाददुसरा देखणा अंक पुरत नाही, सलग अंक लागतात. पोस्टर नसलेला, कोपरा दुमडलेला अंकही म्हणूनच मी टाकत नाही.

तरी अंक पुरा आहे की नाही, हे घेतानाच पाहावं. पिन मारलेल्या अंकात एक कागद मधोमध दुमडून चार पानं होतात. ४८ पानी अंक असेल तर एकाच कागदावर शेजारी छापलेल्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज ४९ येते. म्हणजे कुणी १५वं पान कापून नेलं असेल तर ३४वं सुटं झालेलं असणार. मधलं पोस्टर काढलं असेल तर पिनांची टोकं उचकटलेली दिसतात किंवा पिना सैल लागतात. बांधीव खंड घेताना आणखी एक पाहा. बाइंडर कडा कापून सारख्या करतो, त्यात समासातली अक्षरं जातात आणि पुष्कळदा मुखपृष्ठंही काढून टाकलेली असतात.

आपल्या भागात अंक येतात ते घरांतून. जवाहर कॉलनी, पुंडलिकनगर, सूतगिरणी चौकाच्या आसपासची जुनी बिऱ्हाडं बदलतात, रंगकाम निघतं, दिवाळीआधी माळे रिकामे होतात. रद्दीवाल्याला आधीच सांगून ठेवा, की खेळाचे अंक वेगळे काढा, किलोच्या भावापेक्षा जास्त देऊ. गठ्ठा एकदा बांधून मोठ्या गोदामात गेला की हाती लागत नाही.

घरी आणल्यावर आधी गंजलेल्या पिना काढा आणि अंक सुती दोऱ्याने सैल टाचा. वृत्तपत्री कागदातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि पान ठिसूळ होतं. आपला कोरडा उन्हाळा त्यात भर घालतो. अंक आडवे, अंधारात, जमिनीपासून वर ठेवा. पावसाळ्यात कसर लागते, तेव्हा महिन्यातून एकदा गठ्ठे उघडून पाहा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. गुळगुळीत कागदाचा अंक भिजला तर पानं ओली असतानाच एकेक सोडवून मध्ये टीपकागद घाला. वाळल्यावर ती एकमेकांना चिकटतात, आणि मग सोडवताना छपाई उखडते.

शेवटी एक वही करा. नाव, वर्ष, अंक क्रमांक, तारीख, कोणती पानं नाहीत, एवढं पुरे. कुठले अंक हवेत याची यादी या वहीतूनच निघते. पुढच्या आठवड्यात अशा याद्या संग्राहकांनी आपसांत कशा बदलायच्या आणि दुबार अंकांची देवघेव कशी करायची, ते पाहू.