फावडेवाला सरदार

हा सरदार उंचीने ठेंगणा आहे. अंगावर निळं चिलखत, शिरस्त्राणाला दोन शिंगं, आणि हातात तलवारीच्या जागी लांब दांड्याचं, सरळ पात्याचं फावडं. फावड्याने तो माती उकरतो, त्यातले हिरे खिशात टाकतो, समोर येईल त्याला झोडपतो. उडी मारून फावडं पायाखाली धरलं की शत्रूच्या टाळक्यावर आपटून चेंडूसारखा परत वर उसळतो. त्याचं नाव शॉव्हेल नाइट, आणि ज्या व्हिडिओ गेमचा तो नायक आहे त्याचंही नाव तेच. गेम बाजारात आला २६ जून २०१४ ला. तो पडद्यावर पाहणाऱ्याला मात्र वाटेल, हा १९८८ सालचा असणार.

मी गेमवर लिहिणारा माणूस नव्हे. माझी उमेदीची वर्षं सोलापुरात चादरींचे ग्राफ काढण्यात गेली. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवत मोर उभा करायचा, मग त्यावरून जकार्डची कार्डं पंच व्हायची आणि मागावर तो मोर धाग्यात उतरायचा. पुण्यात शिकणाऱ्या भाचीने सुट्टीत हा गेम लावून दिला आणि म्हणाली, “मामा, हे बघ, तुझे ग्राफ पळायला लागलेत.” मी चष्मा लावून जवळ जाऊन बघितलं. खरंच, घरं मोजता येत होती.

या चित्रपद्धतीला पिक्सेल आर्ट म्हणतात. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा सर्वांत लहान ठिपका. एकेकाळी हे ठिपके मोठे आणि मोजके असत, कारण यंत्राची कुवतच तेवढी होती. निंटेंडो या जपानी कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचं यंत्र आणलं, अमेरिकेत ते दोन वर्षांनी एनईएस या नावाने गेलं. त्याचा पडदा आडवा २५६ ठिपक्यांचा, उभा २४० चा. रंगांची पेटी चोपन्न रंगांची, पण एका वेळी त्यातले पंचवीसच वापरता येत. हलणारी चित्रं आठ बाय आठच्या तुकड्यांची, आणि प्रत्येक तुकड्याला फक्त तीन रंग. चौथा पारदर्शक, म्हणजे मागचं दिसू देणारा. चालू कामासाठी स्मृती दोन किलोबाइट. या लेखाचा मजकूरसुद्धा तीत मावला नसता.

आपल्याकडे मूळ यंत्र फारच थोड्यांनी पाहिलं असेल. नव्वदच्या दशकात घराघरांत आणि भाड्याच्या पार्लरमध्ये जे ‘व्हिडिओ गेम’ होते, त्या बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. कार्ट्रिजला आपण कॅसेट म्हणायचो. एका कॅसेटमध्ये ९९९९ गेम असल्याचं वर छापलेलं असे, आत पाच-पन्नास निघत, तेच पुनःपुन्हा. मारिओ आणि काँट्रा त्यात हमखास. आमच्या गल्लीतला पार्लरवाला तासावर पैसे घ्यायचा आणि काँट्रात तीस लाइफ मिळवायची बटणांची युक्ती फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकाला सांगायचा.

तीन रंगांत माणूस काढायचा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. चादरीतही रंग वाढला की सूत वाढतं, मागाची खटपट वाढते आणि मालक ग्राफ परत फेकतो. मग तुम्ही आहे त्यातच चोरवाटा शोधता. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त रंग बदललाय. सबंध गेम चाळीस किलोबाइटचा, वेगळं झुडूप काढायला जागा कुठली? १९८७ च्या मेगा मॅनमध्ये नायकाचा चेहरा हा स्वतंत्र तुकडा आहे. तो निळ्या अंगावर बरोबर बसवला की एकाच माणसात तीनाहून जास्त रंग दिसतात. ही लबाडी मला मनापासून आवडली. कागदावर मीही असली करून पाहिली आहे.

आता शॉव्हेल नाइटकडे. हा गेम कॅलिफोर्नियातल्या यॉट क्लब गेम्स या छोट्या कंपनीचा. शॉन वेलास्को आणि त्याचे सहकारी आधी वेफॉरवर्ड या कंपनीत होते, तिथून बाहेर पडून त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं. त्यांच्यासमोरच्या संगणकाला लाखो रंग येत होते, तरी त्यांनी आपणहून एनईएसची पेटी उघडली. पण ती जशीच्या तशी वापरली नाही. गेमचा एक प्रोग्रामर डेव्हिड डँजेलो याने नंतर एका लेखात कोणते नियम पाळले आणि कोणते मोडले याचा हिशेबच मांडला. रंगपेटी तीच ठेवली, तीत मोजके नवे रंग घातले. पात्रांना तीनपेक्षा जास्त रंग दिले. पडदा ४०० ठिपके रुंद केला, कारण आजचे टीव्ही आडवे असतात. उंची मात्र २४० च ठेवली. पाठीमागचे डोंगर आणि ढग वेगवेगळ्या गतीने सरकवले, जे जुन्या यंत्राला सहजासहजी जमत नसे.

एक गोष्ट त्यांनी साफ काढून टाकली, ती म्हणजे लुकलुक. एनईएसला एका आडव्या रेषेत फक्त आठ तुकडे दाखवता येत. नववा आला की तो गायबच. म्हणून प्रोग्रामर तुकडे आळीपाळीने दाखवत आणि गर्दी झाली की सगळे मिणमिणत. पार्लरमध्ये काँट्रा खेळताना शत्रू वाढले की चित्र असं थरथरायचं, आणि आम्हाला वाटायचं टीव्हीच बिघडलाय. शॉव्हेल नाइटमध्ये कितीही गर्दी होऊ द्या, चित्र स्थिर.

मला वाटतं या गेमची सगळी हुशारी इथे आहे. जुना गेम आज खरोखर लावून पाहिला तर निम्म्या वेळा वैताग येतो. आपल्या डोक्यात जो शिल्लक आहे तो गाळून, घासूनपुसून ठेवलेला असतो. या मंडळींनी १९८८ चं यंत्र उभं केलं नाही, आपल्या डोक्यातलं यंत्र उभं केलं. त्यासाठी खरं यंत्र बारकाईने माहीत असावं लागतं. नाहीतर काय होतं ते हल्लीच्या शेकडो ‘रेट्रो’ गेममध्ये दिसतंच: नायकाचा ठिपका एवढा, झाडाचा तेवढा, अक्षरं तिसऱ्याच मापाची, आणि गोळी तिरकी फिरली की तिच्यासोबत ठिपकेही तिरके. एका कागदावर तीन मापांचे चौकोन आखून काढलेला ग्राफ आमच्याकडे कोणी हातात धरला नसता.

खेळाचा प्रकार म्हणाल तर ॲक्शन प्लॅटफॉर्मर. म्हणजे कट्ट्यावरून कट्ट्यावर उड्या मारत, मारामारी करत पुढे जायचं. शॉव्हेल नाइटची खाली फावडं धरून मारायची उडी झेल्डा मालिकेच्या १९८७ च्या दुसऱ्या भागातल्या खालच्या वारावरून सुचली. १९८९ च्या डकटेल्समध्ये म्हातारा स्क्रूज काठीवर असाच उसळत जायचा. बाकीच्या गेममध्ये ही दहातली एक युक्ती असते, इथे सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. पहिल्या लेव्हलमध्ये असं-असं करा म्हणून कुणी सांगत नाही. वाटेत मातीचे ढीग असतात, हातात फावडं असतं, बाकी तुम्हीच ओळखायचं. थोडं पुढे बुडबुडे सोडणारा एक जाडा ड्रॅगन भेटतो. त्याच्या बुडबुड्यांवरून उसळत जाता येतं हे कळलं की मग तुम्ही स्वतःला फार शहाणे समजू लागता. पुढची लेव्हल ती समजूत काढून टाकते.

मेलात तर काय? जुन्या गेममध्ये लाइफ संपल्या की पहिल्यापासून. इथे लाइफ मोजत नाहीत, पैसा कापतात. तुमच्या सोन्यातला काही भाग पिशव्यांत भरून, पंख लावून, तुम्ही मेलात त्याच जागी तरंगत राहतो. परत तिथवर जाऊन उचला. वाटेत पुन्हा मेलात तर त्या पिशव्या गेल्या. मध्ये मध्ये काचेचे चमकते गोळे आहेत. तिथवर पोचलं की मेल्यावर तिथूनच सुरुवात होते. तो गोळा फावड्याने फोडला तर आतून पैसे मिळतात, पण मग ती सोय संपली. कठीण-सोपं अशी यादी पुढ्यात ठेवण्याऐवजी गेम तुमच्या हावेला विचारतो. भाची प्रत्येक गोळा फोडते. मी एकही फोडत नाही, आणि ती मला “मामा, तू ना, पोस्टाच्या एफडीतला माणूस आहेस” म्हणते.

संगीताबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. एनईएसला आवाजाच्या पाचच वाटा होत्या: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी, एक नुसत्या खरखरीची आणि एक छोट्या ध्वनिमुद्रित तुकड्यांची. जेक कॉफमन याने इथलं संगीत केलं ते कोनामी या गेम कंपनीच्या व्हीआरसी६ या चिपचा आधार घेऊन. ही चिप जपानमध्ये काही कॅसेटींच्या आतच बसवलेली असे आणि आवाजाच्या आणखी तीन वाटा उघडून देई. अमेरिकेतल्या यंत्राला ही सोय नव्हती. म्हणजे इथेही तेच: जुन्या काळात खरोखर होतं, पण फार थोड्यांच्या कानावर पडलं होतं. दोन चाली मानामी मात्सुमाए यांनी दिल्या. पहिल्या मेगा मॅनचं संगीत याच बाईंचं. पाठ वळवून भांडी घासतानासुद्धा त्या चाली डोक्यातून जात नाहीत.

पैसे लोकांकडून उभे केले. २०१३ च्या मार्च-एप्रिलमध्ये किकस्टार्टरवर त्यांनी ७५ हजार डॉलर मागितले, मिळाले तीन लाख अकरा हजारांच्या वर. तरी ते पुरले नाहीत. शेवटचे काही महिने मंडळींनी पगाराविना काढले. शिवाय पैसे जमताना त्यांनी खलनायकांच्या बाजूने खेळायचे आणखी गेम द्यायचं कबूल केलं होतं. तेही एकाच मूळ खरेदीत. प्लेग नाइटचा भाग २०१५ मध्ये आला, स्पेक्टर नाइटचा २०१७ मध्ये आणि किंग नाइटचा थेट डिसेंबर २०१९ मध्ये. कबूल केलेलं काम सहा वर्षं ओढत नेलं, पण पुरं केलं. व्यवहार म्हणून मला हे वेडेपणाचंच वाटतं. या तिघांत स्पेक्टर नाइटचा भाग मूळ गेमपेक्षाही सरस आहे. त्यात तुम्ही शत्रूंना कोयत्याने कापत हवेतल्या हवेत तिरके जाता, आणि एकदा लय बसली की जमिनीला पाय लावावासा वाटत नाही.

उणं काढायचं तर काढता येतं. राजा म्हणवणारा किंग नाइट पहिल्या भागात बॉस म्हणून फारच लेचापेचा आहे. बर्फातली पोलर नाइटची लेव्हल मला अजून सतावते. आणि गोष्ट अगदी साधी आहे: सरदाराची जोडीदार शील्ड नाइट हरवलीये, तिला शोधायचं. पण कथा सांगायची एक रीत त्यांनी फार छान काढली. काही लेव्हलनंतर सरदार शेकोटीपाशी झोपतो. स्वप्नात शील्ड नाइट आकाशातून हळूहळू खाली पडत असते आणि तुम्हाला चोहोबाजूंनी शत्रू घेरतात. त्यांच्याशी लढता लढता योग्य क्षणी धावत जाऊन तिला झेलायचं. संवाद एक नाही. हुकलं तरी गेम तुम्हाला शिक्षा करत नाही, तुम्ही नुसते जागे होता.

यॉट क्लबने २०२२ मध्ये ‘मीना द हॉलोअर’ या नव्या गेमसाठी पुन्हा लोकांकडे हात पसरला आणि दहा लाख डॉलरच्या वर पैसे जमले. या खेपेला नमुना म्हणून १९९८ चा गेम बॉय कलर घेतलाय. त्याचा पडदा आडवा १६० आणि उभा १४४ ठिपक्यांचा. एवढ्याशा कागदावर ते कोणते नियम पाळतात आणि कोणते मोडतात, हे बघायला मी चष्म्याचा नंबर बदलून घेतलाय.