रस्ता रुंद केला, तरी गर्दी का?



मागच्या रविवारी आम्हाला वर्गाला यायला वीस मिनिटे उशीर झाला. गाडीत मुलीने विचारले, "बाबा, इथले रस्ते एवढे मोठे, मग आपण अडकतो कसे?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर गमतीचे आहे.

आपल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ साली रुंद करून झाला. बाजूचे रस्ते धरले तर काही ठिकाणी तब्बल २६ लेन! सुरुवातीला सगळे खूश झाले. मग गर्दी टाळायला जे उशिरा निघत, ते पुन्हा आठलाच निघू लागले. दुसऱ्या रस्त्याने जाणारे इकडे वळले. "आता काय, लवकर पोचतो" म्हणून काहींनी आणखी लांब घरे घेतली. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञांनी हे १९६२ सालीच सांगितले होते: शहरातला असा रस्ता कितीही वाढवा, कामावर जायच्या वेळी तो भरतोच.

आता थोडे गणित. रोज दोन तास गाडीत गेले, तर कामाच्या २४० दिवसांत ४८० तास होतात. म्हणजे पुरते २० दिवस आणि २० रात्री! म्हणूनच आमच्या घरी लहान गावी जायचा विचार चालू आहे. तिथे ऑफिस दहा मिनिटांवर, आणि संध्याकाळी बाबा जेवायला घरी.

पण पालकहो, ऑस्टिनकडे पाहा. १९९० साली तिथली वस्ती सुमारे ४ लाख ६५ हजार होती. २०२० साली ती ९ लाख ६० हजारांच्या वर गेली. तिथला आय-३५ आज टेक्सासमधल्या सर्वांत गर्दीच्या रस्त्यांत मोजला जातो. आमचे सायकलींचे पुणेही असेच बदलले. तेव्हा वेळ वाचतो तो गाव लहान म्हणून नव्हे; घर, शाळा आणि काम जवळजवळ असते म्हणून. ते अंतर वाढले, की लहान गावातही तीच रांग.

आणखी एक अडचण आहे. त्या गावात मराठीचा वर्ग नाही. मुलीने तोडगा काढला, "मग रविवारी आपण इथेच येऊ ना!" जाऊन-येऊन चार तास.

मी हिशेब पुन्हा मांडायला बसलो आहे. तुम्हीही आपल्या घरचा मांडून पाहा.